दातांनी तोडलेला दोरा

"कात्री नव्हती जवळ, म्हणून."

"कात्री नव्हती तर राहू द्यायचा होता. लोंबला असता दोरा त्याच्या बाहीला. आपलं काय जात होतं?"

"हात गेला रे."

"हात नाही गेला आई, तोंड गेलं. बाबांनी कधी गिऱ्हाइकाच्या कपड्याला तोंड लावू दिलं होतं? तुला, मला, दादाला? दातांनी दोरा तोडायचा तो घरच्यांचा. माझ्या शाळेच्या सदऱ्याचा. दादाच्या सदऱ्याचा. त्याचा कशाला?"

मास्तरीणबाईंनी मशीनचं चाक हाताने धरून थांबवलं. हळू बोल, कुणी गिऱ्हाईक येईल, एवढंच म्हणाल्या.

"येऊ दे. त्यालाही विचारू. समोर भिंतीवर फोटो आहेच. दाखवू आणि विचारू, बाबा रे, तुला काय दिसतंय?"

वर्ष होत आलं होतं, तरी मायलेकांचं हे भांडण शिळं होत नव्हतं. कधी आमटीत मीठ कमी पडलं म्हणून निघायचं, कधी वीज गेली म्हणून. आज राजधानीतून आलेला फोन पुरला. शांतता कराराची मध्यस्थ बाई स्वतः दुकानात यायची होती, वर्षपूर्तीच्या समारंभाचं आमंत्रण घेऊन. ते कळल्यापासून धाकटा ताटावर बसला नव्हता. कामाला, म्हणजे बस आगारातल्या वर्कशॉपमध्ये, जायची वेळ टळून गेली तरी इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभा होता आणि आईला फैलावर घेत होता.

मास्तरीणबाई म्हणजे शाळेतल्या नव्हेत. त्यांचे यजमान शिंपी. सगळा रस्ता त्यांना मास्तर म्हणायचा, म्हणून या मास्तरीणबाई. गल्लीत नवीन आलेले लोक हमखास फसायचे, पोराला शिकवणी लावाल का म्हणून विचारायला यायचे. "सोडा की माझ्याकडे," बाई म्हणायच्या, "काज करायला शिकवते. जन्मभर उघडा पडणार नाही." मास्तर छातीच्या दुखण्याने लवकर गेले. मागे राहिलं ते हे रस्त्याला तोंड असलेलं एका खणाचं दुकान, लाकडी काउंटर, दोन मशिनं, मापं बघायला पडदा लावलेला कोपरा, आणि वर चढून गेलं की दोन खोल्यांचं घर.

आणि मास्तरांचे दोन नियम राहिले. माप घेताना माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही, तो लाजतो आणि पोट आत ओढतो. आणि गिऱ्हाइकाच्या कपड्याला तोंड लावायचं नाही. दोरा कितीही बारीक उरलेला असो, कात्रीनेच कापायचा. दुसऱ्याच्या अंगावर जाणारं कापड, ते उष्टं करून देतात का? म्हणून घरातल्या प्रत्येकाच्या गळ्यात काळ्या दोरीत ओवलेली छोटी कात्री असायची. घरच्या कपड्यांना मात्र हा नियम नव्हता. पोरं नवा सदरा घालून समोर उभी राहिली की बाई वाकून, कॉलरपाशी तोंड नेऊन, कट्‌कन दोरा तोडायच्या. थोरल्याला गुदगुल्या व्हायच्या. मिसरूड फुटली तरी व्हायच्या.

दुसरं मशीन त्या थोरल्याचं. त्याच्यावर खोळ आहे.

कापायला थोरल्याचा हात बापापेक्षा सरस होता. तोंडात टाचण्या धरून तो अख्ख्या दुनियेशी गप्पा मारायचा, आणि गिऱ्हाईक हसू दाबत उभं राहायचं, कारण हसलं की माप चुकतं. लढाईच्या पहिल्या वर्षी, शहराच्या अर्ध्या भागात धूर होता तेव्हा, तो बटणं आणि अस्तर आणायला घाऊक बाजारात गेला. जाऊ नको असं बाई म्हणाल्या नव्हत्या. लग्नाचा कोट अर्धवट होता, आणि लढाई असली म्हणून लोक लग्न करायचे थांबत नाहीत. परत येताना पुलावर बस अडवली गेली. लढाईतल्या पलीकडच्या बाजूच्या लोकांनी सगळ्यांना खाली उतरवलं. काहीजण पुन्हा चढले, काहीजण नाही. कंडक्टरने बटणांचं पुडकं तेवढं दुकानात आणून दिलं आणि पाणीही न पिता निघून गेला.

त्या पुलावरच्या लोकांचा कमांडर कोण, ते सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे वाटाघाटी सुरू झाल्या तेव्हा त्या बाजूच्या मंडळींत तो कोट घालून बसलेला दिसायला लागला.

गेल्या वर्षी पहिल्या सहीच्या वेळी मध्यस्थ बाईने एक नवीन रीत पाडली होती. नुसते पुढारी आणि सेनापती समोरासमोर बसवून भागत नाही, ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांनाही त्या खोलीत आणायचं. दोन्ही बाजूंकडून सारखीच माणसं. एकेकाने पुढे यायचं आणि पलीकडच्या ज्याला जे बोलायचं ते बोलायचं. या शहरातून मास्तरीणबाईंची निवड झाली.

मायलेकांनी वरच्या खोलीत तालीम केली होती. धाकटा कमांडर व्हायचा, खुर्चीत फेंगडा बसून मिशीवरून हात फिरवायचा. मिशी नव्हतीच, त्यामुळे पहिले दोन दिवस बाईंना हसूच यायचं. तिसऱ्या दिवशी आलं नाही. रडायचं नाही, शिव्याशाप द्यायचे नाहीत, असं ठरलं. एकच प्रश्न विचारायचा. माझा थोरला कुठे पुरलात?

राजधानीतल्या त्या मोठ्या हॉटेलच्या दारात तपासणीवाल्या पोरीने बाईंच्या गळ्यातली कात्री काढून घेतली. परत देईन, मावशी, म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदा बाईंचा गळा मोकळा झाला. सगळा वेळ त्यांचा हात तिथेच चाचपत राहिला.

मग त्यांची पाळी आली. कमांडर चार पावलांवर उभा होता. मनात त्याची जेवढी उंची होती तेवढी नव्हती. त्याने आदर दाखवायला उजवा हात छातीशी नेला, आणि बाईंना त्याची बाही दिसली. कोट कोरा करकरीत, तयार घेतलेला. कारखान्यातून येताना मनगटापाशी कापडाच्या नावाची चिंधी टाचलेली असते, ती तशीच. घालण्याआधी ती काढायची असते हे जंगलात हयात गेलेल्या माणसाला कोण सांगणार? तिचे तीन कोपरे सुटले होते. चौथ्याचा पांढरा दोरा बोटभर लोंबत होता.

बाईंच्या पायांनी चार पावलं टाकली. हात कात्रीसाठी गळ्याशी गेला, रिकामा परत आला, त्याच हाताने त्यांनी ती बाही धरली. त्या वाकल्या. कट्.

एकदम कॅमेऱ्यांचा लखलखाट झाला. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळं सभागृह उभं राहिलं. दोन्ही बाजूंचे सेनापती उभे राहिले. मध्यस्थ बाई, जी म्हणे आजवर कुठल्याच देशात कुणाला रडताना दिसली नव्हती, ती तोंडावर हात धरून रडत होती. कुणीतरी बाईंना खांद्याला धरून अलगद खुर्चीत नेऊन बसवलं, पुढचं नाव पुकारलं गेलं. बाईंच्या तोंडात दोऱ्याचा तुकडा होता आणि प्रश्नही तसाच तोंडात होता.

दुसऱ्या दिवशी जगभरच्या पेपरांत फोटो आला. मुलगा गमावलेली आई, मारेकऱ्याच्या हाताचं चुंबन घेताना.

तो फोटो मग सगळीकडे चिकटला. पोस्टात, बसथांब्यावर, शाळेच्या भिंतीवर. समोरच्या औषधवालीने काउंटरवर लावला, मग बाईंचं तोंड बघून काढला, मग सरकारी माणूस विचारायला आला म्हणून परत लावला. कुणी रस्त्यात थांबवून बाईंच्या पाया पडायचं. कुणी दुकानाच्या शटरवर कोळशाने असं काही लिहून जायचं की धाकट्याला सकाळी लवकर उठून ते पुसावं लागायचं. पुसताना तो काही बोलायचा नाही. त्याचं बोलणं नंतर, दिवसभर, हप्त्याहप्त्याने बाहेर पडायचं.

जगाला चुंबन दिसलं. धाकट्याला दोरा दिसला, आणि म्हणूनच त्याला जास्त लागलं. चुंबन असतं तर म्हणालो असतो, कुणीतरी शिकवून आणलं, असं तो म्हणायचा. पण तू त्याला घरचा करून टाकलास.

बाई यावर मशीन चालवायला घ्यायच्या. सांगायचं होतं ते त्याहून वाईट होतं. इतक्या वर्षांत एक सकाळ अशी गेली नव्हती की डोळे उघडताच थोरला समोर आला नाही. आणि तिथे, त्याला मारणाऱ्याच्या पुढ्यात, ती बाही धरल्यापासून दोरा तुटेपर्यंत, त्यांच्या मनात थोरला नव्हताच. नुसता दोरा होता. हे कुणाला सांगणार? पोटच्या पोराला तर नाहीच.

मध्यस्थ बाई दुपारी आली. उंच, पांढऱ्या केसांची, दूरच्या देशातली. भाषा इथे येऊन शिकलेली, सावकाश बोलायची, पण शब्द शोधून नेमका आणायची. काउंटरवर कोपरं टेकून ती गिऱ्हाइकासारखी उभी राहिली. आडपडदा ठेवला नाही तिने. वर्षापूर्वीची सही तात्पुरत्या युद्धबंदीची होती. आता वर्षपूर्तीच्या समारंभात कायमच्या कराराची सही व्हायची आहे. दोन्हीकडे अशी माणसं आहेत की ज्यांना मोडायला निमित्त हवंय. तुम्ही मंचावर त्या फोटोखाली कमांडरच्या शेजारी बसला नाहीत, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे विचारतील, ती आई कुठे गेली? बोलायचं काही नाही. नुसतं बसायचं.

"हरवलेल्यांचा शोध कधी सुरू होणार?" बाईंनी विचारलं.

तो दुसरा टप्पा, सही झाली की लगेच, असं उत्तर आलं.

"मागच्या सहीलाही तुम्ही हेच म्हणाला होतात."

मध्यस्थ बाईने मान खाली घातली. काउंटरवरच्या खडूच्या रेघेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "पहिल्या पानावर मी थडग्यांचं लिहिलं असतं, तर दोघांपैकी कुणीच त्या खोलीत आलं नसतं. थडगी दोघांकडेही आहेत."

बाईंना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांना शांतता नको होती का? वर्षभरात पुलावरून बस एकदाही अडली नव्हती. औषधवालीचा मुलगा, जो लढाईत तळघरात वाढला, तो आता भर रस्त्यात सायकल शिकत होता, रोज कुणाला तरी धडकत होता आणि शिव्या खात होता. आपल्या एका नाहीने ते सगळं उसवणार असेल तर? कच्च्या टाक्यांवर उभा असलेला कोट कसा असतो, लांबून अगदी शिवलेला वाटतो, हे त्यांच्याइतकं जवळून कुणी पाहिलेलं?

त्यांनी एकच अट घातली. त्याला इथे आणा. कॅमेरे नकोत, टाळ्या नकोत. मी विचारीन, तो सांगेल. मग म्हणाल तिथे बसते.

शब्द देता येणार नाही, पण प्रयत्न करीन, असं म्हणून मध्यस्थ बाई गेली. तिची गाडी वळणाआड होईपर्यंत धाकटा थांबला.

"आणि त्याने नाही सांगितलं तरी तू बसणारच. तुला नाही म्हणता कुठे येतं?"

"नाही सांगितलं तर नाही बसणार."

"बसलीस, तर या घरात मी..." वाक्य त्याने पुरं केलं नाही. वरच्या खोलीत त्याची पिशवी भरून ठेवलेली होती. बाईंनी ती सकाळीच पाहिली होती, वरचा सदरा नीट घडी करून परत ठेवला होता.

समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी कमांडर आला. गाडी लांब उभी करून, डोक्यावर टोपी ओढून. मध्यस्थ बाई दाराबाहेर थांबली, रस्त्याकडे तोंड करून. औषधवालीने गिऱ्हाईक नसताना वजनकाटा पुसायला घेतला.

तो गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. कोट तोच. वर्षभरात कोट सैल झाला होता, किंवा आतला माणूस उतरला होता. उजव्या बाहीचं शेवटचं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. बाईंचा हात सुईच्या डबीकडे गेला. त्यांनी तो मागे घेतला आणि काउंटरखाली दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

बराच वेळ कमांडर पाठ केल्यासारखं बोलला. लढाई कुणालाच नको असते. वरून हुकूम येतात. त्याचा सख्खा भाऊ या बाजूला कुठेतरी पुरलेला आहे, त्याने आजवर कुणाला विचारलेलं नाही. विचारायला लागलो तर बोलणी तिथेच थांबतात, म्हणाला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. भावाचं ऐकताना त्यांच्या तोंडून नकळत हुंकारही गेला. धाकट्याने इस्त्री आपटली.

मग त्यांनी विचारलं. वर्षभर तोंडात ठेवलेला प्रश्न, तालमीत बसवला होता तसाच, रडू न आणता. "माझा थोरला कुठे पुरलात?"

"बाई, तुमच्यापाशी खोटं बोलणार नाही," कमांडर म्हणाला. "मला आठवत नाही. त्या दिवशीचा एकही चेहरा आठवत नाही."

खरंच बोलत होता. बाईंना ते कळलं. आठवण नसणं म्हणजे काय, हे त्या कुणापेक्षा जास्त जाणत होत्या. ती बाही त्यांच्यासमोरच होती.

"चेहरा राहू द्या," त्या हळूच म्हणाल्या. "निळा सदरा होता. कॉलरला दुहेरी टीप. मीच शिवलेला. उंच, जरा खांदे पाडून चालायचा. तोंडात काही नसलं तरी ओठ असे दाबून धरायचा, टाचण्या धरायची सवय."

कमांडरने मान हलवली. नाही.

"आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान. पितळी टोपी असते ना, सुई टोचू नये म्हणून घालतात, ती. काढायला विसरायचा. त्या दिवशीही घालूनच गेला. डबीत नव्हती."

मध्येच कमांडरने श्वास घेतला. मांडीवरच्या उजव्या हाताची बोटं आपोआप मिटली, मधलं बोट आत, अंगठा त्याच्यावर. कुणी बोटातलं काही ओढून काढावं तसा तो अंगठा एकदा बोटावरून घसरला. मग त्याचं त्यालाच दिसलं. त्याने दुसरा हात त्याच्यावर ठेवला.

खोळ घातलेल्या मशीनपलीकडून धाकट्याचा आवाज आला. भांडणातला नव्हे, अगदी लहानपणचा.

"आठवलं त्याला, आई."

मास्तरीणबाई काउंटरला वळसा घालून पुढे आल्या. गळ्यातली कात्री मापाच्या टेपच्या पितळी टोकावर आपटून वाजली. त्या स्टुलासमोर उभ्या राहिल्या आणि मास्तरांचा पहिला नियम मोडून सरळ त्याच्या तोंडाकडे बघायला लागल्या.

"सांगा," त्या म्हणाल्या. "केस करणार नाही. कुणाला सांगणार नाही. उद्या येते मी. तुमच्या शेजारी बसते. सगळं जग म्हणतंय ते खरं करून दाखवते, आज इथे म्हणाल तर परत वाकते. फक्त जागा सांगा. नदीच्या या काठाला की त्या? झाड आहे का जवळ? एवढंच सांगा, झाड आहे का?"

दाराबाहेर मध्यस्थ बाई वळली होती. तिला आतलं सगळं ऐकू आलं असावं, कारण तिने कमांडरला एक शब्द विचारला नाही, की थांबही म्हणाली नाही. नुसती दारातून बाजूला सरकली.

कमांडर उठला. स्टूल मागे सरकलं, ते त्याने हाताने नीट जागेवर लावलं. टोपी घातली. एकदा खोळ घातलेल्या मशीनकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि मास्तरीणबाईंच्या अंगाला धक्का लागणार नाही इतक्या जपून त्यांच्या बाजूने निघून उंबरा ओलांडून रस्त्यावर गेला. बाहीचं बटण एका धाग्यावर हेलकावे खात त्याच्याबरोबर गेलं.